दाखविणारा आणि पाहणारा

इ. स. १७८४ च्या डिसेंबर महिन्यात बर्मिंगहॅमचा विल्यम हटन नावाचा एक पुस्तकविक्रेता लंडनचे ब्रिटिश म्युझियम पाहावयास गेला. त्या काळी तेथे प्रवेश विनामूल्य होता. परंतु तिकिटासाठी आगाऊ अर्ज करून वाट पाहावी लागे. परगावच्या माणसास तेवढी सवड कोठून असणार? हटनने जवळजवळ दोन शिलिंग मोजून कोणाकडून तरी तिकीट विकत घेतले. सुमारे दहा माणसांचा घोळका एका तरुण अधिकाऱ्याच्या मागोमाग भराभर दालने ओलांडू लागला. या अद्भुत वस्तूंविषयी आम्हांस कोणी काही सांगणार आहे की नाही, असे हटनने भीत भीत विचारले. तेव्हा, येथील एकूण एक वस्तूची माहिती मी तुम्हांस सांगत बसावे की काय, आणि पुष्कळ वस्तूंवर नावे लिहिलेली नाहीत काय, असा उलट सवाल त्याच्या वाट्यास आला. मग कोणी तोंड उघडले नाही. बोलणे झाले ते कुजबुजीत. अर्ध्या तासात मंडळी बाहेर पडली. हटनने आपल्या लंडनप्रवासाच्या पुस्तकात ही हकीकत लिहून ठेवली आहे, आणि तिचा मथितार्थ असा की, ज्याचा अर्थच कळला नाही असे आश्चर्य पाहिले काय आणि न पाहिले काय, सारखेच.

त्याच म्युझियमने व्याख्याता-मार्गदर्शक नेमला तो १९११ साली, म्हणजे हटनच्या फेरीनंतर १२७ वर्षांनी. आज युरोप-अमेरिकेतील कोणत्याही नामांकित कलासंग्रहालयात जा, दिवसाकाठी दोनचार तरी फेऱ्या ठरलेल्या असतात. सायंकाळी सभागृहात पडद्यावर चित्रे दाखवून व्याख्याने होतात. आणि ज्यास माणसाची सोबत नको त्याच्या कानाशी बोलणारे यंत्र मिळते. असे यंत्र प्रथम आम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाने १९५२ साली वापरात आणले. हटनला जे मागूनही मिळाले नाही ते आता न मागता मिळते. तरीही त्याने विचारलेल्या प्रश्नाचा निकाल लागला आहे असे आम्हांस वाटत नाही. एका माणसाने दुसऱ्यास चित्र दाखवावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे? त्याच्या कानात किती घालावे, आणि काय त्याच्या डोळ्यांकरिता राखून ठेवावे? हा प्रश्न वरवर पाहता संग्रहालयाच्या व्यवस्थापकांचा दिसतो. परंतु ज्या ठिकाणी एक मन दुसऱ्या मनाच्या अनुभवात हात घालते तेथे प्रश्न नीतीचा होतो, आणि म्हणूनच त्याचा विचार येथे करावयाचे आम्ही योजिले आहे.

ज्या संस्थेत हा वाद अगदी मुळापासून खेळला गेला ती संस्था म्हणजे अमेरिकेतील बॉस्टन शहराचे ललितकला-संग्रहालय. १८७० साली त्याची स्थापना झाली व १८७६ साली ते लोकांस खुले झाले. बेंजामिन आइव्हज गिल्मन हे गृहस्थ १८९३ पासून १९२५ पर्यंत त्याचे चिटणीस होते. मूळचा पिंड मानसशास्त्राचा. अमेरिकेतील झूनी या आदिवासी लोकांच्या गाण्यांतील स्वर मोजून त्यांनी त्यांवर निबंध लिहिला होता. असा मोजमापाचा भोक्ता मनुष्य कलेच्या बाबतीत मात्र विलक्षण भाविक होता. विज्ञानाचे संग्रहालय ही शाळा असेल, पण कलेचे संग्रहालय हे मंदिर आहे, असे त्यांचे मत. तेथे माणसाने शिकावयास न जाता, जे सुंदर आहे त्याच्या सान्निध्यात राहावयास जावे. आणि गंमत अशी की, याच गिल्मन यांनी संग्रहालयात माणसास माणसाने वस्तू दाखवाव्या ही प्रथा सुरू केली. शिकविणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आलेला 'डोसेंट' हा शब्द त्यांनी १९०६ साली सुचविला, आणि १९०७ पासून बॉस्टनच्या दालनांतून हे डोसेंट हिंडू लागले. आम्ही त्यांस निरूपक म्हणू; आपल्याकडील कीर्तनाच्या परंपरेमुळे या शब्दास जो अर्थ आहे तो येथे अगदी चपखल बसतो.

मंदिर म्हणावयाचे आणि त्यात शिक्षक नेमावयाचा, यात विसंगती आहे असे कोणीही म्हणेल. गिल्मन यांस ती तशी वाटली नाही, आणि आम्हांसही त्यांचे म्हणणे समजते. मंदिरात जसा पुजारी असतो तसा हा निरूपक; त्याने मूर्तीकडे बोट दाखवावे, मूर्तीपुढे उभे राहून तिला झाकू नये. ज्यास ती वस्तू ठाऊक आहे व प्रिय आहे असा माणूस शेजारी असला की नवख्याचेही लक्ष तेथे ठरते. मात्र पुजाऱ्यांचा अनुभव आपणां सर्वांस आहे. क्षेत्राच्या ठिकाणी गाभाऱ्यात पाऊल टाकते न टाकते तोच, इकडे पाहा, तिकडे वाका, चला पुढे, असे म्हणत जो आपणांस बाहेर काढतो तोही दर्शन घडविणाराच!

याच गिल्मन यांनी १९१६ साली 'संग्रहालयातील थकवा' या विषयावर एक लेख प्रसिद्ध केला. एका मनुष्यास दालनातील वस्तूंसंबंधी काही साधे प्रश्न देऊन, त्यांची उत्तरे शोधताना त्याचे शरीर कसकसे वाकते, बसते, मान तिरपी होते, याची छायाचित्रे त्यात दिली होती. कपाटाच्या तळच्या फळीवरील चिठ्ठी वाचण्यासाठी गुडघ्यावर आलेला तो सभ्य गृहस्थ पाहून हसू येते. पण मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पाहणे हे शरीराचे काम आहे व शरीर थकते. २००१ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात केलेल्या एका पाहणीचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. सहा नामांकित चित्रांपुढे उभ्या राहणाऱ्या दीडशे प्रेक्षकांची वेळ मोजण्यात आली होती. सरासरी भरली सुमारे २७ सेकंद. आणि निम्म्यांहून अधिक वेळा प्रेक्षक १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकले होते. एखाद्या चित्रकाराने दोन-तीन वर्षे घालविलेल्या कामाची ही बोळवण! ज्या घाईबद्दल हटनने दुसऱ्यास दोष दिला ती घाई आता आपली आपणच करीत असतो.

अशा स्थितीत निरूपक हवा हे तर उघडच आहे, असे वाचक म्हणतील. एक माणूस पुढे उभा राहून दहा मिनिटे बोलला तर निदान दहा मिनिटे पाय जागेवर राहतील. खरे आहे. परंतु पाय जागेवर राहिले म्हणून डोळे चित्रावर राहतात असे नाही. लोक बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतात. त्याने 'उजवीकडील हात पाहा' म्हटले की क्षणभर हाताकडे पाहतात, आणि पुन्हा तोंडाकडे. फेरी संपते तेव्हा चित्राविषयीचे एक व्याख्यान त्यांच्यापाशी असते. चित्र असतेच असे नाही.

याहून खोल दोष निराळा आहे, आणि तो आपल्या साहित्यशास्त्रकारांनी फार पूर्वी हेरून ठेविला आहे. रस हा त्याचे नाव उच्चारून उत्पन्न होत नाही, हे आनंदवर्धनाने दाखविले. आणि मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त स्वशब्दवाच्यता हा रसदोषच सांगितला. 'ही नायिका शृंगाराने ओथंबली आहे' असे कवीने लिहिले तर शृंगार उभा राहत नाही, केवळ शब्द उभा राहतो. विभाव-अनुभाव मांडावे आणि थांबावे, उरलेले काम सहृदयाच्या हृदयात व्हावयाचे असते. हा नियम कवीस जितका लागू तितकाच निरूपकास लागू आहे. 'या मुद्रेवरील करुणा पाहा, किती हृदयद्रावक!' असे जो म्हणतो तो करुणा दाखवीत नाही. करुणा वाटली पाहिजे असा हुकूम सोडतो. आणि ऐकणारा बहुधा सभ्य असतो, म्हणून हुकूम पाळतो. त्यास काही वाटलेले नसते, पण वाटल्यासारखे तो मान डोलावतो. मग घरी जाऊन चारचौघांत तेच शब्द बोलतो. आणि काही काळाने आपणांस खरोखरीच तसे वाटले होते अशी त्याची स्वतःचीही समजूत होते.

येथे नीतीचा प्रश्न अगदी उघडा पडतो. पैशाची उसनवारी माणसास लाजवते, भावनेची उसनवारी त्यास प्रतिष्ठा देते, हा आपल्या सुशिक्षित समाजाचा एक जुना रोग आहे. महाविद्यालयाच्या उत्तरपत्रिका ज्यांनी तपासल्या आहेत त्यांस याचे उदाहरण देण्याचे कारण नाही. ज्या नाटकाचे एक पानही विद्यार्थ्याने आपखुशीने उलटलेले नसते, त्यातील चौथ्या अंकाने आपले अंतःकरण कसे हेलावून सोडले हे तो दीड पानभर लिहितो, आणि त्याला आम्हीच गुण देतो. त्यापेक्षा 'मला यात काही दिसले नाही' असे जो म्हणेल तो अधिक आशेचा विद्यार्थी होय; त्याच्यापाशी निदान स्वतःचे असे काही आहे, जेथून पुढे चालता येईल. चित्रापुढे उभे राहून 'मला हे आवडत नाही' असे म्हणण्याचे धैर्य हा रसिकतेचा पाया आहे, आणि हुकमी कौतुक करविणारा निरूपक पहिला घाव याच पायावर घालतो.

तर मग काय, सर्वांनी मौन पाळावे? असे म्हणणारा एक पंथ आहे. चित्र भिंतीवर टांगा, खाली नावाची चिठ्ठीसुद्धा लहानात लहान असू द्या, आणि ज्याच्या डोळ्यांत बळ असेल तो पाहील, असे ते म्हणतात. हे म्हणणे ऐकावयास उदात्त वाटते. परंतु ते कोण म्हणतो हे पाहिले म्हणजे त्यातील उदात्तता बरीच ओसरते. ज्याच्या घरी तीन पिढ्या पुस्तकांची कपाटे आहेत, ज्यास लहानपणी बोट धरून बापाने चित्रे दाखविली, ज्यास येशूच्या जन्मापासून वधस्तंभापर्यंतच्या कथा पाठ आहेत, तो म्हणतो की सांगण्याची जरुरी नाही! त्यास सांगून झालेले आहे, इतकेच. पिएर बोर्द्यू व अलँ दार्बेल या फ्रेंच समाजशास्त्रज्ञांनी युरोपातील कलासंग्रहालयांच्या प्रेक्षकवर्गाचा अभ्यास करून १९६६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात कलेची ओढ ही जन्मजात देणगी म्हणून मिरविली जात असली तरी संग्रहालयाची वाट माणसाच्या शिक्षणातून जाते, हे त्यांनी आकडे मांडून दाखविले. दार उघडे, तिकीट माफ, आणि तरीही आत येणारे तेच ते. अभिनवगुप्तानेही सहृदय कोणास म्हटले आहे? काव्याच्या सततच्या अनुशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा निर्मळ झाला त्यास. आरसा आपोआप घासला जात नाही. कोणाचा तरी हात लागतो. ज्यास घरी तो हात मिळाला नाही त्यास संग्रहालयातही नाकारणे, आणि वर त्यास स्वातंत्र्य म्हणणे, हा हटनला मिळालेल्या उत्तराचाच सुधारलेला प्रकार आहे.

म्हणजे बोलले तर उसनी भावना, न बोलले तर बंद दार, असा हा पेच आहे. यातून वाट काढण्यास त्याच बॉस्टनच्या संग्रहालयातील दुसऱ्या एका पुरुषाची मदत होते. आनंद कुमारस्वामी यांचे नाव आमच्या वाचकांस अपरिचित नाही. १८७७ साली कोलंबो येथे तामिळ पिता व इंग्रज माता यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. शिक्षण भूगर्भशास्त्राचे, पण सिंहलद्वीपातील कारागिरांचे हस्तकौशल्य विदेशी मालापुढे मरत आहे हे पाहून ते कलेच्या अभ्यासाकडे वळले, आणि १९१७ साली बॉस्टनच्या संग्रहालयात भारतीय कलाविभागाचे पालक झाले. १९४७ साली निधन होईपर्यंत ते त्याच संस्थेत होते. १९४१ साली त्यांनी अमेरिकेतील संग्रहालयचालकांपुढे एक प्रश्न टाकला: कलावस्तूंचे प्रदर्शन मुळात करावयाचेच कशासाठी? ज्यांनी जन्मभर तेच केले त्यांच्या सभेत हा प्रश्न विचारावयाचा म्हणजे हलवायांच्या पंगतीत, गोड खावयाचेच कशाला, असे विचारण्यासारखे होते.

त्यांचे उत्तर थोडक्यात असे होते. संग्रहालयातील जुन्या वस्तूंपैकी बहुतेक कोणतीही संग्रहालयासाठी घडविलेली नव्हती. मूर्ती पूजेसाठी होती, भांडे पाण्यासाठी, तलवार लढण्यासाठी. तो उपयोग सुटला म्हणून ती येथे आली. अशा वस्तूपुढे उभे राहून 'अहाहा, काय रेषा!' म्हणणे म्हणजे पत्रातील मजकूर न वाचता अक्षराच्या वळणाची तारीफ करणे होय. तेव्हा संग्रहालयाने रंजन करू नये, शिक्षण द्यावे. ही वस्तू कोणासाठी, कशासाठी, कोणत्या श्रद्धेने घडली ते सांगावे. ज्याच्यासाठी ती घडली त्याच्या जागी काही काळ मनाने जाऊन बसल्यावाचून ती पाहिली असे म्हणता येणार नाही.

हे मत गिल्मन यांच्या मताच्या नेमके उलट आहे. एकाच्या लेखी मंदिर, दुसऱ्याच्या लेखी पाठशाला. आणि चमत्कार हा की, ज्याने मंदिर म्हटले त्यास वस्तूचे मूळचे मंदिर महत्त्वाचे वाटले नाही, आणि ज्याने पाठशाला म्हटली तो मात्र मूळच्या मंदिराचीच आठवण देत राहिला.

एक वस्तू घेऊन हा भेद तपासून पाहू. बॉस्टनच्या संग्रहात सांचीच्या मोठ्या स्तूपाकडील एका यक्षीचे धड आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा तो वालुकाश्म. हात गेले, पाय गेले. उरले ते धड. पाश्चात्त्य प्रेक्षकास भग्न ग्रीक मूर्ती पाहण्याची सवय असते, म्हणून तो याही धडाकडे त्याच दृष्टीने पाहतो: उभारी, वळण, दगडात आलेला मांसलपणा. हे सर्व तेथे आहे, आणि ते दिसण्यास निरूपकाची गरज नाही. ज्यास डोळे आहेत त्यास ते दिसेल. ज्यास दिसणार नाही त्यास 'मोहक' या विशेषणाने दिसू लागणार नाही.

परंतु डोळ्यांना जे कधीच दिसणार नाही ते निराळे आहे. ही स्वतंत्र मूर्तीच नव्हती. तोरणाचा उभा खांब आणि त्यावरील आडवी तुळई यांच्या कोनात बसविलेला तो आधार होता; सांचीच्या पूर्व तोरणावर अशी एक यक्षी अद्याप जागच्या जागी आहे. वृक्षाची फांदी धरून ती बाहेरच्या अंगास झुकलेली असते. म्हणजे तिला समोरून, डोळ्यांच्या पातळीवर, कोणी पाहावे अशी योजनाच नव्हती. खालून, चालता चालता, प्रदक्षिणेस निघालेल्या माणसाने मान वर करून पाहावयाची ती. वृक्षाशी, पाण्याशी, सुफलतेशी नाते सांगणारी ही देवता बुद्धाच्या स्तूपापाशी कशी आली? बुद्धाच्या आधीपासून लोकांच्या मनात तिचे ठाणे होते, आणि नव्या धर्माने तिला हाकलून न देता दारावर जागा दिली. यक्षांविषयी कुमारस्वामींनी १९२८ व १९३१ साली दोन भागांत ग्रंथ लिहिला तो याच शोधासाठी. आणि या स्तूपाचा खर्च कोणी केला? सांचीच्या दगडांवर शेकडो लहान लहान दानलेख आहेत; त्यांत व्यापारी आहेत, भिक्षुणी आहेत, साधी गृहस्थ माणसे आहेत. दक्षिण तोरणावर तर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिरांनी हे काम केल्याचा लेख आहे. ही एवढी माहिती मिळाली म्हणजे त्या धडाकडे पुन्हा पाहावे. दगडाच्या अंगावरील मण्यांची बारीक कोर आता हस्तिदंतावर चालणाऱ्या हाताची आठवण देऊ लागते. झुकाव का आहे ते कळते. आणि तुटलेल्या हाताच्या ठिकाणी फांदी नाही, हे प्रथमच जाणवते. जे नाही ते दिसू लागते.

यावरून आमच्या मते निरूपकाची मर्यादा बरीचशी आखता येते. वस्तू कोठे उभी होती, कशाच्या वर वा खाली होती, कोणाच्या पैशाने व कोणाच्या हाताने झाली, तिच्यापुढे लोक काय करीत, हे प्रेक्षकाचे डोळे कितीही तीक्ष्ण असले तरी त्यांस कळावयाचे नाही. ते सांगणे हे निरूपकाचे कर्तव्य आहे, आणि न सांगणे ही कृपणता आहे. वस्तू सुंदर आहे काय, तिने मन हलते काय, हे प्रेक्षकाचे स्वतःचे काम आहे. तेथे निरूपकाने पाऊल टाकणे हे अतिक्रमण आहे. दुर्दैवाने पुष्कळ फेऱ्यांत या दोहोंची अदलाबदल झालेली आढळते. माहिती दोन वाक्यांत उरकावयाची आणि विशेषणे दहा मिनिटे वाटावयाची, कारण माहितीस अभ्यास लागतो व विशेषणास लागत नाही.

यावर एक आक्षेप येईल व तो टाळण्याजोगा नाही. माहिती तरी निष्पक्ष असते काय? शंभर गोष्टींतून निरूपक पाच निवडतो, आणि त्या निवडीतच त्याचा निकाल दडलेला असतो. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट म्युझियममध्ये टिपू सुलतानाचा लाकडी वाघ आहे. युरोपियन शिपायाच्या उरावर बसलेला तो वाघ, आत बसविलेल्या यंत्राचा दांडा फिरविला की गुरगुरतो आणि शिपाई कण्हतो. पूर्वी तो कंपनी सरकारच्या ईस्ट इंडिया हाऊसमध्ये असता, येणारेजाणारे इतका दांडा फिरवीत की शेजारच्या ग्रंथालयात वाचणाऱ्यांस बसवेनासे होई! या वाघापुढे उभे राहून आतील नळ्या, भाते व पट्ट्या यांची रचना अर्धा तास सांगता येईल आणि त्यातील अक्षर न् अक्षर खरे असेल. परंतु १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला, शहराची लूट झाली व त्या लुटीत हा वाघ विलायतेस गेला, एवढे एक वाक्य गाळले तर ते सारे खरे मिळून एक असत्य तयार होते. म्हणून वस्तू कशी घडली याबरोबरच ती येथे कशी आली, हेही निरूपकाने सांगितले पाहिजे. घरी आलेल्या पाहुण्यास आपण चांदीचे ताट दाखवितो तेव्हा ते कोणाकडून आले हे सांगतोच. न सांगितले तर पाहुण्याने काय समजावे?

अलीकडे तिसरा एक मार्ग पुढे आला आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात शिक्षणविभाग सांभाळणारे फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउसेन यांनी मिळून अशी पद्धती बसविली की, निरूपकाने काही सांगूच नये; केवळ विचारावे. या चित्रात काय चालले आहे, असे तुम्हांस कशावरून वाटते, आणखी काय दिसते, अशा धर्तीचे मोजके प्रश्न. मुले बोलतात, एकमेकांचे खोडतात, पुन्हा चित्राकडे पाहतात. या पद्धतीचा एक गुण निर्विवाद आहे. कशावरून, असे विचारले की बोलणाऱ्यास डोळे पुन्हा चित्राकडे वळवावेच लागतात, आणि उसने बोलणे तेथल्या तेथे उघडे पडते. आमच्या परीक्षांतही हा प्रश्न शिरला तर फार बरे होईल. परंतु यक्षीच्या धडापुढे मुले शंभर वर्षे चर्चा करीत बसली तरी तिच्या हाती फांदी होती हे त्यांस कळावयाचे नाही. प्रश्नाने डोळे उघडतात. विस्मृतीत गेलेले परत येत नाही. ते कोणीतरी सांगावेच लागते.

मग ते कोणी सांगावे, यावरून २०२१ साली शिकागोच्या कलासंस्थेत मोठा गहजब झाला. तेथे सुमारे साठ वर्षे स्वयंसेवक निरूपक विनावेतन फेऱ्या नेत असत. बहुतेक सुखवस्तू घरांतील गोऱ्या स्त्रिया. त्या वेळी कामावर असलेल्या ८२ जणांस संस्थेने पत्र पाठवून आभार मानले व निरोप दिला. वेतनावाचून वर्षानुवर्षे वेळ देणे सर्वांस परवडत नाही, म्हणून सर्व थरांतील माणसांस हे काम मिळावे यासाठी पगारी शिक्षक नेमू, असे संस्थेचे म्हणणे. वर्षानुवर्षांच्या निष्ठेचे हे फळ काय, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे. दोन्ही बाजूंत तथ्य होते. मात्र त्या वादात वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरले, ते दाखविणारा कोण असावा याने. पाहणाऱ्यास आजवर काय दिसले, हा प्रश्न आम्हांस त्यांत फारसा आढळला नाही.

आपल्याकडे तर पाहणाऱ्यांत एक असा वर्ग आहे की त्याच्यापुढे पाश्चात्त्य पद्धतीच्या निरूपकास गप्पच बसावे लागेल. मुंबईचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, ज्यास १९९८ पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात, ते १९२२ साली लोकांस खुले झाले. तेथे काय, किंवा आपल्या इकडील कोणत्याही पदार्थसंग्रहालयात काय, शिल्पांच्या दालनात घटकाभर उभे राहावे. गावाकडून आलेली एखादी वृद्ध स्त्री विष्णूच्या वा गणपतीच्या पाषाणमूर्तीपुढे येते, चालता चालता थबकते, हात जोडते. शेजारचा वहीपेन्सिलवाला विद्यार्थी किंचित हसतो. त्याच्या वहीत शतक आहे, राजवंश आहे, दगडाची जात आहे. बाईंपाशी यातले काही नाही. पण मूर्ती कशासाठी असते हे तिला ठाऊक आहे, आणि कुमारस्वामींच्या कसोटीस लाविले तर त्या दालनातील तीच एक जाणती प्रेक्षक ठरेल. तिला शतक सांगावे काय? सांगावे, आणि अदबीने सांगावे. माहितीने भक्ती विटते असे मानणे हा तिचा अपमान आहे. परंतु सांगताना निरूपकाने हेही ओळखावे की, येथे देणारा तो एकटाच नाही. विद्यार्थ्यास त्या मूर्तीचा मूळ उपयोग दाखवावयाचा तर त्या जोडलेल्या हातांकडे बोट करण्याहून निराळे काही करावयास नको. मात्र तसे बोट करणे असभ्यपणाचे होईल, हा निराळा पेच!

पुष्कळ दाखविण्यापेक्षा थोडे दाखवावे, हे सर्वच निरूपकांस मान्य असते आणि आचरणात कोणीच आणीत नाही. ज्यांस युद्धाने ते आणावयास लाविले त्यांची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीतील चित्रे बॉम्बच्या भयाने हलविण्यात आली व १९४१ पासून वेल्समधील मॅनॉड येथील पाटीच्या दगडाच्या खाणीत ठेवण्यात आली. मोकळ्या भिंतींच्या त्या इमारतीत मायरा हेस या विदुषीने ऑक्टोबर १९३९ पासून दुपारच्या वेळी संगीताच्या बैठकी चालविल्या होत्या. लोक येत, ऐकत, आणि भिंतींकडे पाहत. पुढे १९४२ च्या प्रारंभी एका वाचकाने वर्तमानपत्रात पत्र लिहून विनविले की, एखादे तरी चित्र पाहावयास मिळावे. तेव्हाचे संचालक केनेथ क्लार्क यांनी ते मनावर घेतले, आणि दरमहा एक चित्र खाणीतून आणून मांडण्याची प्रथा पाडली. टिशियनचे एक चित्र आरंभीच आले. रात्री ते तळघरात सुरक्षित ठेवावयाचे, सकाळी पुन्हा वर आणावयाचे. एरवी जेथे माणूस तासाभरात शंभर चित्रांवरून नजर फिरवून जाई, तेथे एका चित्रासाठी रस्त्यावरील पडझडीतून वाट काढीत लोक येऊ लागले. या लोकांस कोणी 'पाहा' असे सांगावे लागले नाही.

निरूपकांच्या शिक्षणात ही गोष्ट सांगितली जाते की नाही आम्हांस ठाऊक नाही. आम्ही स्वतः एखाद्या संग्रहालयाचे चालक असतो तर एका फेरीत तीनांहून अधिक वस्तू घेण्यास मनाई केली असती. बसावयास घडीच्या खुर्च्या दिल्या असत्या, कारण गिल्मन यांचा तो वाकलेला गृहस्थ डोळ्यांपुढून हलत नाही. आणि प्रत्येक वस्तूपाशी प्रथम काही मिनिटे कोणी काही बोलू नये, मग निरूपकाने सांगावे, आणि सांगून झाल्यावर पुन्हा तितकाच वेळ सर्वांनी गप्प बसावे, असा नियम केला असता. पहिल्या पाहण्यात आणि दुसऱ्या पाहण्यात जो फरक पडेल तो ज्याचा त्याने आपल्याशी मोजावा. त्या दुसऱ्या मौनात निरूपकाची खरी परीक्षा आहे. त्या वेळी लोक घड्याळाकडे पाहू लागले तर त्याचे बोलणे कितीही विद्वत्तेचे असो, फुकट गेले.

गिल्मन आणि कुमारस्वामी हे १९१७ पासून १९२५ पर्यंत आठ वर्षे एकाच छपराखाली वावरले. एकाच वस्तूपुढे या दोघांस उभे करून, ती त्यांनी आपापल्या परीने कशी दाखविली असती हे ऐकावयास मिळाले असते तर आम्ही वाटेल तितके दूर गेलो असतो. सांचीची यक्षी त्यास फार योग्य होती. पण ती बॉस्टनच्या संग्रहात दाखल झाली १९२९ साली. तोवर गिल्मन चिटणिसाचे काम सोडून चार वर्षे झाली होती.